३८ माणसं, २,८०० चौरस फूट: बीन बॅग आधी की हवा आधी?

कारभारी

पुण्यात बाणेरला ऑफिससाठी नवी जागा घेतली आहे. चौथा मजला, कार्पेट २,८०० चौ. फूट, आकार साधारण ७० बाय ४०. लांब बाजू पूर्व आणि पश्चिम, दोन्हीकडे पूर्ण काच आणि एकही तावदान उघडत नाही. जमिनीपासून स्लॅब ११ फूट. मालकाने कॅसेट (छतात बसणारे) एसी दिलेत, बाकी सगळं मोकळं आहे.

माणसं ३८: २० सॉफ्टवेअर डेव्हलपर, १० जण दिवसभर ग्राहकांच्या फोनवर, उरलेले हिशेब, एचआर आणि व्यवस्थापन.

इंटिरियरवाल्याने पहिला आराखडा दिलाय. काचेलगत केबिन, मधोमध मोकळा हॉल, वर पीओपीचं फॉल्स सीलिंग, एका भिंतीवर प्लॅस्टिकचं गवत आणि निऑनमध्ये सुविचार, कोपऱ्यात बीन बॅग आणि टेबल टेनिस.

सध्याच्या जागेतल्या तक्रारी अशा: दुपारी चारच्या सुमारास डोकं जड होतं, निम्मे लोक स्वेटर घालून बसतात, फोनवाल्यांचा आवाज सगळीकडे जातो, आणि मीटिंग रूम कायम एकेकटा माणूस कॉलसाठी अडवून बसलेला असतो.

पैसे मर्यादित आहेत. तेव्हा इथल्या जाणकारांना प्रश्न एवढाच: नंतर दुरुस्त करता येत नाही असं काय आहे, आणि कमी पैशात जास्त फरक कशाने पडतो? ‘वेलनेस’वर व्याख्यान नको, मापं सांगा.

---

झरोका

आराखडा उलटा करा. अक्षरशः उलटा. केबिन मध्ये आणि माणसं काचेलगत.

काचेतून येणारा उजेड आत किती पोचतो याचा ढोबळ हिशेब म्हणजे काचेच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दीडपट ते दुप्पट. ती कड ८ फुटांवर असेल तर १२ ते १६ फूट. तुमच्याकडे पूर्वेच्या काचेपासून पश्चिमेच्या काचेपर्यंत ४० फूट आहेत. म्हणजे पूर्वेकडून साधारण १४, पश्चिमेकडून १४, आणि मधला १२ फुटांचा पट्टा तसाही अंधाराच राहणार. मीटिंग रूम, फोन बूथ, सर्व्हर, कपाटं, प्रिंटर हे सगळं त्या पट्ट्यात बसवा. माणूस तिथे तास-दोन तास जातो, आठ तास बसत नाही. केबिन काचेलगत घातल्या तर उजेड मिळतो चौघांना, आणि त्यातले दोघे बाहेर दौऱ्यावर असतात.

उजेडाचं एवढं काय, तर डोळ्याच्या पडद्यात अशा काही पेशी असतात ज्यांचं काम मुख्यतः उजेडाची पातळी मोजून शरीराच्या घड्याळाला कळवणं हे आहे. त्यांना ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा, निळसर उजेड लागतो. रात्रीची झोप ठरते ती दिवसा या पेशींपर्यंत किती उजेड पोचला यावरही. ढगाळ दिवशी बाहेर १०,००० लक्स (उजेडाचं माप) सहज असतात. ऑफिसात टेबलावर ५०० लक्स मोजून कंत्राटदार मोकळा होतो, पण टेबल पाहत नाही, डोळा पाहतो. छतातले गोल डाउनलाइट उजेड खाली टाकतात. टेबलावर ५०० असले तरी डोळ्याच्या पातळीवर, उभ्या प्रतलात मीटर धरला की २०० सुद्धा भरत नाहीत. दिवसा तिथे ४००च्या आसपास हवेत. तिथवर जायचा स्वस्त मार्ग म्हणजे भिंती उजळवणं: पांढरा किंवा फिकट, मॅट रंग आणि भिंतीवर उजेड फेकणारे दिवे. ४००० केल्विन (उजेड पिवळा की निळसर पांढरा याचं माप) पुरे. ६५०० घेतलंत तर दवाखाना होतो. दिवा घेताना त्याच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे दिव्याला वीज पुरवणाऱ्या भागाकडे, नीट बघा. फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून दिव्याकडे धरा. पट्टे किंवा फडफड दिसली तर तो दिवा परत. नुसत्या डोळ्याला ती फडफड दिसत नाही, पण डोकेदुखीच्या यादीत तिचं नाव असतं.

टेबलं काचेला काटकोनात. तोंड काचेकडे केलं तर संगणकाच्या पडद्यामागे लख्ख आकाश, पाठ केली तर पडद्यावर आकाश. दोन्ही वाईट.

पश्चिमेच्या काचेचं दुखणं वेगळं आहे. तीन वाजता ऊन आत आलं की कोणीतरी पडदा खाली ओढतो, आणि तो पुढच्या दिवाळीच्या साफसफाईपर्यंत वर जात नाही. त्रास झाला की माणूस लगेच हात उचलतो, त्रास संपल्यावर उचलत नाही. म्हणून एकच मोठा पडदा लावू नका. काचेचा वरचा दोन-अडीच फुटांचा भाग आणि खालचा भाग, असे दोन वेगळे रोलर घ्या. जाळीचं कापड ३ ते ५ टक्के छिद्रांचं. खालचा कायमचा बंद राहिला तरी वरून उजेड येत राहतो. आणि जेवणाचं टेबल पश्चिमेच्या काचेलगत ठेवा. एक वाजता तिथे ऊन तिरपं झालेलं नसतं, आणि सगळ्यांनाच दिवसातून एकदा खिडकी मिळते.

आता पाठ. माणसाला पाठीमागून कोणी येतंय हे आवडत नाही. मागे रस्ता असेल तर दर पावलागणिक लक्ष तुटतं, आणि पडदा साहेबांना दिसतोय ही जाणीव वर. वास्तुशास्त्रवाले मालकाला ‘पाठीशी भिंत’ सांगतात. सल्ला बरोबर आहे, फक्त तो मालकापुरताच ठेवतात. प्रत्येकाच्या पाठीशी भिंत शक्य नाही, पण मुख्य रस्ता पाठीमागून जाणार नाही एवढं जमतं. जिथे जमत नाही तिथे मागे ४ फूट उंचीचं कपाट उभं करा. बसलेल्या माणसाचं डोकं झाकतं, उभ्याला पलीकडचं दिसतं. खुर्ची मागे सरकायला टेबलाच्या कडेपासून साडेतीन फूट लागतात, मुख्य रस्त्याला ४ फूट. आराखड्यात ही दोन मापं लिहून घ्या. इंटिरियरवाले खुर्ची टेबलाखाली सरकवलेलीच काढतात.

गवताच्या भिंतीबद्दल: १९८४ साली उलरिख या संशोधकांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी मांडल्या होत्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे ४६ रुग्ण, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. ती खरी झाडं होती. प्लॅस्टिकच्या गवतावर सहा महिन्यांत धूळ बसते आणि ती कोणी धूत नाही. त्या पैशात १५ खऱ्या कुंड्या येतात: मनी प्लांट, सर्पपर्णी, झीझी. यातली बहुतेक मरतात ती पाणी जास्त झाल्याने. बोट दोन पेरं मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. पाणी घालणारा माणूस एकच ठरवा, नाहीतर चौघे प्रेमाने घालतात. आणि झाडं हवा शुद्ध करतात हे डोक्यातून काढा. ज्यावरून हे सांगतात ते नासाचे प्रयोग हवाबंद पेटीतले होते, ऑफिसात तसा परिणाम हवा असेल तर बसायला जागा उरणार नाही इतक्या कुंड्या लागतील.

---

दीड टन

चारची डोकेदुखी म्हणजे बहुतेक वेळा बाहेरची हवा येत नाही. लोकांना वाटतं एसी चालू आहे म्हणजे हवा येतेय. स्प्लिट असो की कॅसेट, तो खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. बाहेरून एक घोटही आणत नाही.

हिशेब करू. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ३८ जण म्हणजे ६८४ लिटर. तुमच्या जागेचं आकारमान सुमारे ८७० घनमीटर. सगळं बंद असेल तर तासाला ७५० ते ८०० पीपीएमने (दहा लाख भागांत इतके भाग) पातळी चढते. बाहेर असते ४२०. दहाला आलात तर जेवणाच्या आधीच दीड हजार पार. मीटिंग रूमचं तर विचारूच नका: १० बाय १२ ची खोली, आत आठ जण, दार बंद, १५ मिनिटांत १,५००. ‘तासाभराची मीटिंग’ संपताना सगळे जांभया देतात त्यात विषयाचा दोष निम्माच असतो.

कार्बन डायऑक्साइड या पातळीला विष नाही. पण तो आकडा म्हणजे तुम्ही एकमेकांचा उच्छ्वास किती घेताय त्याची खूण. एकाला सर्दी झाली की आठवड्यात निम्मं ऑफिस शिंकतं, तेही याच वाटेने.

किती हवा लागेल? अ‍ॅशरेच्या (वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकी संस्था) मानकात ऑफिससाठी किमान म्हणजे माणशी २.५ लिटर प्रतिसेकंद, अधिक चौरस मीटरला ०.३. तुमच्यासाठी सुमारे १७३ लिटर प्रतिसेकंद, बाजारभाषेत ३७० सीएफएम (मिनिटाला घनफूट). पण त्यात पातळी दीड हजाराच्या आसपास स्थिरावते. माणशी १० लिटर धरा: ३८० लिटर, म्हणजे ८०० सीएफएम. मग पातळी ९०० ते ९५० वर थांबते.

८०० सीएफएम बाहेरची हवा मे महिन्यात ४० अंशांची आत घेतलीत तर एसीवर जवळजवळ दोन टनांचा जादा बोजा. म्हणून ईआरव्ही (आतली-बाहेरची हवा अदलाबदल करणारा पंखा) घ्या. बाहेर जाणाऱ्या गार हवेकडून आत येणारी गरम हवा थंड करून घेतो. साठ-पासष्ट टक्के परत मिळाले तरी बोजा पाऊण टनावर येतो. ४०० सीएफएमची दोन यंत्रं घ्या, ८००चं एक नको. एक बिघडलं तर दुसरं चालू राहतं.

चुका कुठे होतात: (१) हवा घ्यायचं तोंड जनरेटरच्या धुराड्याजवळ किंवा पार्किंगवर. आत येणारं आणि बाहेर जाणारं तोंड यांत निदान १० फूट अंतर. (२) फिल्टर. बाणेरला बांधकामं चालू आहेत, एफ७ दर्जाचा फिल्टर घ्याच, पण फिल्टरचा विरोध धरून पंख्याचा दाब निवडा. कागदावर ४०० असलेलं यंत्र मळलेल्या फिल्टरवर २५० देतं. बदलायची तारीख यंत्रावर मार्करने लिहा. (३) यंत्र डोक्यावर टांगणं. ते पँट्री किंवा कपाटांच्या वर, रबरी टांगण्यांवर. वाऱ्याचा वेग डक्टमध्ये सेकंदाला ४ मीटरच्या आत ठेवा, नाहीतर घरघर सुरू होते आणि महिनाभरात कोणीतरी बटण बंद करून टाकतं.

कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्यायचाच. पण ‘एनडीआयआर’ सेन्सरचाच, म्हणजे अवरक्त किरणांनी थेट तो वायू मोजणारा. बाकीचे स्वस्त मीटर वासांवरून अंदाज बांधतात, सॅनिटायझर लावला की २,००० दाखवतात. छातीच्या उंचीवर, माणसापासून हातभर लांब ठेवा. आणखी एक खोच: बरेच मीटर आठवड्यातली सगळ्यात कमी पातळी म्हणजे ४०० असं धरून स्वतःला जुळवतात. तुमची जागा रात्रीही बंदच राहत असेल तर पातळी ६००च्या खाली जातच नाही आणि मीटर हळूहळू कमी दाखवू लागतो. आठवड्यातून एकदा गच्चीत नेऊन अर्धा तास ठेवा.

स्वेटरचा प्रश्न. कॅसेटच्या खाली बसलेला गारठतो, कोपऱ्यातला घामाघूम. कोपऱ्यातला रिमोट उचलून २० करतो. आता खालच्याला शाल लागते. यंत्राचा सेन्सर वर, छताजवळच्या गरम हवेत असतो, त्यामुळे एसीच्या आकड्यांच्या पट्टीवरचा २४ आणि टेबलावरचा २४ हे दोन वेगळे आकडे आहेत. उपाय: २६ वर एसी, आणि वर सीलिंग फॅन. सेकंदाला ०.७-०.८ मीटर वारा अंगाला लागला की दोन अंश गार वाटतं. स्लॅब ११ फूट आहे, पीओपी केलंच नाही तर पाती ८ फुटांच्या वर आरामात राहतात. बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास खातो, जुना ७५. मोठी गोष्ट म्हणजे पंखा चार माणसांपुरता असतो, त्याचा रेग्युलेटर त्या चौघांच्या हातात देता येतो. सगळ्या हॉलचा एकच रिमोट हे भांडणाचं मूळ आहे. फक्त दिवे पात्यांच्या वर लावू नका, सावली लपलपते.

पावसाळ्यात गणित बदलतं. जुलैत बाहेरच २५-२६ असतं, कॉम्प्रेसर चालतच नाही, आणि दमटपणा साचतो. तेव्हा ‘ड्राय’ मोड, आणि पंखा मंद.

---

पोकळ वासा

वरचे दोघेही बरोबर, पण पीओपी नको याचं मोठं कारण सांगायचं राहिलं. पीओपी म्हणजे आवाजाचा आरसा. दहा फोनवाल्यांचा आवाज वर जातो, आपटून वीस डेव्हलपरांच्या कानात उतरतो.

त्रास आवाजाच्या मोठेपणाचा नसतो, शब्द कळण्याचा असतो. एसीची घुं घुं दिवसभर चालते, कोणी तक्रार करत नाही. ‘हो मॅडम, तुमचा ऑर्डर नंबर सांगा’ हे कानावर पडलं की मेंदू ते वाक्य पुरं करायला धावतो. तो थांबवता येत नाही, कानाला पापणी नसते. म्हणून ध्वनिमानकांत ‘लक्ष विचलित होण्याचं अंतर’ मोजतात: बोलणाऱ्यापासून किती दूर गेल्यावर शब्द निम्मेशिम्मेच कळू लागतात. ५ मीटर म्हणजे उत्तम, १० च्या वर म्हणजे वाईट. काच, टाइल्स आणि पीओपीची नवीकोरी ऑफिसं १० च्या वरच निघतात.

क्रम असा ठेवा. पहिलं छत. स्लॅबला काळा किंवा राखाडी रंग, आणि त्याखाली ५० मिमी जाडीचे, घनमीटरला ४८ किलो घनतेचे, कापडात मढवलेले ग्लासवूल पॅनल, छताच्या निदान ६० टक्के भागावर. फोनवाल्यांच्या वर १०० टक्के. छताला हात न लावता टेबलांमध्ये नुसते पडदे उभे केले तर आवाज वरून उडी मारून जातो. पैसे वाया जाण्याची ही सगळ्यात नेहमीची जागा. ‘अंडी ट्रे’सारखा फोम चिकटवून काहीही अडत नाही, तो उंच पट्टीची किणकिण थोडी मारतो, आणि आग लागली तर तो पहिला पेटतो.

दुसरं, टेबलांमधला पडदा. जमिनीपासून ४.५ फूट, दोन्ही बाजूंनी मऊ. काचेचा नको. फक्त डेव्हलपर-डेव्हलपर समोरासमोर असतील तर टेबलावर १४-१५ इंच पुरेत, नजरानजर टळते.

तिसरं, फोनवाल्यांना एका टोकाला, आणि झरोका म्हणतात त्या मधल्या पट्ट्याच्या पलीकडे. मधल्या मीटिंग रूमच आपोआप भिंत होतात. पण भिंत स्लॅबपर्यंत न्या. फॉल्स सीलिंगपाशी थांबवलेली भिंत म्हणजे दाराशिवायचं घर. पगारवाढीची चर्चा शेजारच्या खोलीत ऐकू येते ती याच फटीतून. दाराखालीही बोटभर फट सोडतात. दार बंद झालं की खाली उतरणारी रबरी पट्टी मिळते, ती लावा.

चौथं, हेडसेट. हे सगळ्यात स्वस्त. दोन्ही कान झाकणारा हेडसेट घातला की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि माणूस नकळत ओरडून बोलतो. हेडसेटमध्ये ‘साइडटोन’ नावाची सोय असते, स्वतःचा आवाज हलकासा कानात परत देते. ती चालू करा. बऱ्याच ठिकाणी ती असते आणि बंद असते.

मीटिंग रूम एकेकटे अडवतात याचं उत्तर फोन बूथ. ३८ जणांना चार, म्हणजे नऊ-दहा जणांमागे एक. आतून साडेतीन बाय साडेतीन फूट. आणि ‘दीड टन’ यांचा हिशेब तिथेही लागू: अडीच घनमीटरच्या पेटीत दहा मिनिटांत हजारावर पीपीएम चढतात. २५-३० सीएफएमचा पंखा, हवा आत यायची वाट वाकडी, आतून मऊ अस्तर लावलेली, म्हणजे हवा येईल, आवाज जाणार नाही. आतला दिवा हालचालीच्या सेन्सरवर नको. माणूस शांत बसून ऐकत असतो, दिवा जातो, आणि तो कॉलवर हात हलवत बसतो.

मोकळ्या हॉलने गप्पा वाढतात हा समजही तपासून घ्या. हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांनी २०१८ मध्ये दोन कंपन्यांत लोकांच्या गळ्यात सेन्सर घालून मोजलं. मोकळा हॉल झाल्यावर समोरासमोरचं बोलणं ७० टक्क्यांच्या आसपास घटलं, ईमेल वाढले. सगळे बघतायत म्हटल्यावर माणूस हेडफोन घालून घेतो.

---

कारभारी

भरपूर मिळालं, धन्यवाद. दोन अडचणी. मालक बाहेरच्या भिंतीला भोक पाडू देत नाही, मग ८०० सीएफएम आणायचं कुठून? आणि आमच्या वरिष्ठांचं म्हणणं, आठवड्यातून दोन दिवस घरून काम आहे तर ३८ ऐवजी २८च टेबलं करा, ‘जो येईल तो बसेल’.

---

दीड टन

भिंतीला हात लावू नका. काचेची दोन तावदानं काढा, दहा-बारा फूट अंतरावरची. त्या जागी अ‍ॅल्युमिनियमची पत्र्याची फळी बसवा, एकात १० इंची दोन भोकं हवा घ्यायला, दुसऱ्यात दोन सोडायला. १० इंची डक्टमधून ४०० सीएफएम सेकंदाला ३.७ मीटर वेगाने जाते, म्हणजे मर्यादेत. बाहेरून खाली झुकलेल्या पट्ट्या आणि जाळी. पट्ट्या सरळ ठेवल्या तर पावसाची झड थेट फिल्टरवर, आणि जाळी नसली तर जूनपर्यंत कबुतराची अंडी. काढलेल्या काचा पुठ्ठ्यात बांधून मालकाच्या सहीने ठेवून द्या, जागा सोडताना परत बसतात. काच आहे म्हटल्यावर बहुतेक मालक तयार होतात.

---

दोन शिफ्ट

‘जो येईल तो बसेल’ बद्दल. टेबलं कमी करायला हरकत नाही, पण माणसाचं ठिकाण काढून घेऊ नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक्सेटर विद्यापीठातल्या नाइट आणि हॅस्लम यांचा २०१० चा प्रयोग या वादात कामाचा आहे. रिकामं, चकाचक टेबल. कुंड्या-चित्रं मांडलेलं टेबल. आणि माणसाने स्वतः मांडलेलं टेबल. रिकाम्यापेक्षा मांडलेल्यावर काम १७ टक्के जास्त, स्वतः मांडलेल्यावर ३२ टक्के. पण चौथा गट खरा बघण्यासारखा. त्यांना स्वतः मांडू दिलं, आणि मग प्रयोग करणाऱ्याने येऊन त्यांच्या देखत सगळं पुन्हा हलवलं. फायदा साफ गेला. टेबल तेच, कुंड्या त्याच.

तेव्हा असं करा: ३८ ची वाटणी गटांत करा. सात-आठ जणांच्या गटाला सहा टेबलं, कायमची, त्याच कोपऱ्यात. कोण कुठल्या दिवशी येणार हे गटाने आपसात ठरवायचं. प्रत्येकाला कुलपाचा एक कप्पा, किमान १२ बाय १५ इंच, खोली १८. लॅपटॉप, हेडसेट, डबा, छत्री मावली पाहिजे. छत्रीची जागा विसरतात आणि जुलैत जमीन घसरडी होते. गटाच्या भिंतीवर ६ बाय ४ फुटांचा पिनबोर्ड. गणपती ठेवा नाहीतर धोनी, वरून कोणी बोलायचं नाही.

आता थोडा मतभेद. या धाग्यावर सगळे भिंती आणि हवेवर बोलतायत. फोनवर बसलेल्या दहा जणांचं दुखणं त्याने अर्धंच जाईल. कामाचा ताण नुसत्या बोजाने येतो त्याहून जास्त, बोजा मोठा आणि हातात काहीच नाही, या जोडीने येतो. कॅरसेक या संशोधकांनी १९७९ पासून हेच मांडलं. डेव्हलपर उठून चहा घेतो, फोनवाला विचारल्याशिवाय लघवीला जाऊ शकत नाही. त्याला कुंडी देऊन काय होणार?

तिथे आकडा बघायचा तो व्यस्ततेचा: कामाच्या वेळातला किती भाग कॉल आणि कॉलनंतरच्या नोंदीत जातो. दहा जणांच्या छोट्या गटात तो ७५ ते ८० टक्क्यांवर ठेवा. ९० ला नेलात तर कागदावर छान दिसतं, पण एक कॉल संपायच्या आत दुसरा वाजतो, आणि रागावलेल्या ग्राहकानंतरचा श्वास पुढच्या ग्राहकाच्या कानात पडतो. प्रत्येक कॉलनंतर २ मिनिटं यंत्रानेच आपोआप मोकळी द्यावीत, मागावी लागता कामा नयेत. दर ५० मिनिटांनी १० मिनिटं, आणि ती कधी घ्यायची हे दोघा-दोघांच्या जोडीने ठरवावं. ब्रेक यंत्राने ठरवला की तो ब्रेक राहत नाही.

डेव्हलपरांसाठी वेळापत्रकात एकच नियम: १० ते साडेबारा मीटिंग नाही. दुपारी २ ते ३ शरीर तसंही झोपेकडे झुकतं, जेवण झालं असो नसो. त्या तासात निर्णयाच्या मीटिंग ठेवू नका, उभ्याने करायची, फिरायची, चाचणीची कामं ठेवा. चहाचं यंत्र पाचनंतर बंद करा असं म्हणत नाही, मार खाईन. पण कॅफीन अर्धं उतरायला पाचेक तास लागतात, म्हणून संध्याकाळी आलं-गवती चहाचा पर्याय शेजारीच ठेवा.

जेवण: ३० डबे, एकेक दोन मिनिटं, एक मायक्रोवेव्ह म्हणजे तासभर रांग. मग लोक गार खातात किंवा टेबलावरच खातात. तीन घ्या, २० मिनिटांत आटपतं. प्रत्येक यंत्र १,२०० ते १,५०० वॅट ओढतं, तिघांना तीन वेगळ्या १६ अँपियरच्या लाइन. एकाच लाइनवर लावलेत तर सव्वा वाजता एमसीबी पडेल, आणि त्याच लाइनवर वायफाय असेल तर सगळ्यांचं जेवण अचानक वेळेवर होईल.

हिरकणी कक्ष मधल्या पट्ट्यात धरा. ६ बाय ७ फूट, आतून कडी, बेसिन, प्लग, छोटा फ्रिज. स्टोअर रूमच्या आत नको.

---

झरोका

‘दोन शिफ्ट’ यांचं मान्य. फर्निचरच्या ऑर्डरआधी एक शेवटचं, कारण ते परत होत नाही.

बाजारातलं टेबल ७५० मिमी उंचीचं असतं. ५ फूट २ इंचाच्या बाईने पाय जमिनीला टेकवून खुर्ची लावली तर तिची कोपरं ६०० ते ६३० वर येतात. मग ती खुर्ची वर घेते, पाय लोंबकळतात, सीटची कड मांडीत रुतते, आणि शेवटी एक पाय वर घेऊन मांडी घालते. याला वाईट सवय म्हणतात, पण ती फर्निचरची चूक आहे. स्थिर टेबल घ्यायचं तर ७०० मिमीचं बनवून घ्या आणि १०-१५ सेंमीची पायपाटी द्या. उंच माणसाचं टेबल खाली लाकडी ठोकळे देऊन वर उचलता येतं, बुटक्या माणसासाठी टेबल कापता येत नाही.

वरखाली होणारं टेबल घेणार असाल तर पायाचे टप्पे विचारा. दोन टप्प्यांचा पाय ७०० च्या खाली सहसा उतरत नाही, तीन टप्प्यांचा ६२० च्या आसपास जातो. महाग आहे, म्हणून सगळ्यांना नको. गटामागे दोन.

खुर्चीला पुढेमागे सरकणारी सीट हवी. गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. हात वर-खाली होणारे, आणि सीट २० इंच रुंद, म्हणजे ज्याला मांडी घालायची त्याला घालता येईल. तीन मॉडेल मागवा, आठवडाभर तुमच्याकडची सगळ्यात बुटकी, सगळ्यात उंच आणि सगळ्यात जाड व्यक्ती अशा तिघांना आळीपाळीने बसवा. लॅपटॉपला स्टँड आणि वेगळा कीबोर्ड प्रत्येकाला. या दोन वस्तू मिळून टेबल टेनिसच्या टेबलापेक्षा कमीच पैसे होतात.

कामाचा क्रम: काचेच्या फळ्या आणि डक्ट, मग स्लॅबपर्यंतच्या भिंती, मग वायरिंग, मग छताचे पॅनल आणि पंखे एकत्र, कारण पॅनल आधी लावले तर पंख्याचे हूक मारताना ते फोडतात. पीओपीची ऑर्डर गेली असेल तर आज फोन करा.